ग्राफिक्स कार्ड घेताना आधी मॉनिटर बघा

२०२५ च्या दिवाळीच्या तोंडावर भाच्याने मला एका दुकानदाराचे कोटेशन पाठवले. गेम खेळण्यासाठी नवा कॉम्प्युटर असेंबल करून घ्यायचा होता आणि त्यासाठी वर्षभर साठवलेले पैसे त्याच्या हातात होते. कोटेशनमध्ये प्रोसेसरचे पूर्ण नाव होते, रॅमचा वेग होता, कॅबिनेटमध्ये किती रंगीत पंखे लागणार याचा आकडासुद्धा होता. मात्र ज्या वस्तूवर गेमिंगच्या कॉम्प्युटरचे सारे गणित उभे असते तिच्यापुढे ‘ग्राफिक्स कार्ड – ४ जीबी’ एवढेच लिहिले होते. खाली भाच्याचा प्रश्न होता, “मामा, चार जीबी पुरेल ना?”

या प्रश्नाचे उत्तर देताच येत नव्हते. एनव्हिडिया कंपनीचे जीफोर्स जीटी ७३० हे २०१४ सालचे कार्ड. त्याची जुन्या डीडीआर३ मेमरीची ४ जीबी आवृत्तीही निघाली. या मेमरीतून सेकंदाला, आवृत्तीनुसार, १४ ते २९ जीबी माहितीची ने-आण होते. जीटीएक्स १६५० हे २०१९ सालचे कार्डही ४ जीबीचेच. त्यातून सेकंदाला १२८ जीबी माहिती फिरते आणि बऱ्याच गेम त्यावर आजही खेळता येतात. पहिल्या कार्डावर दोन मॉनिटरवर एक्सेलच्या शीट उघडता येतील, त्यापलीकडे फारशी अपेक्षा ठेवता येणार नाही. ‘४ जीबी’ या शब्दांत दोन्ही कार्डे बसतात. पाच लिटरचे भांडे म्हटल्यावर तो कुकर आहे की बादली हे जसे कळत नाही, तसाच हा प्रकार. त्यामुळे दुकानदाराकडून कार्डाचे पूर्ण नाव, कंपनी आणि मॉडेल लिहून मागणे ही पहिली पायरी. त्याने टाळाटाळ केली तर दुसरे दुकान गाठावे.

कार्ड नेमके काय करते

आपल्याकडच्या साध्या फुल एचडी मॉनिटरवर आडवे १,९२० आणि उभे १,०८० ठिपके असतात, म्हणजे एकूण २० लाख ७३ हजार ६००. गेम चालू असताना यातल्या प्रत्येक ठिपक्याचा रंग ठरवावा लागतो आणि सेकंदाला ६० चित्रे, म्हणजे ६० फ्रेम दाखवायच्या असतील तर हे काम एका सेकंदात ६० वेळा करावे लागते. हिशेब १२ कोटींच्या वर जातो. एका फ्रेमसाठी जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला १४४ चित्रे दाखवणाऱ्या, मॉनिटरला त्या वेगाने फ्रेम पुरवायच्या तर ७ मिलिसेकंदसुद्धा मिळत नाहीत.

प्रोसेसरमध्ये सहा-आठ दमदार कोअर असतात. कोणतेही गुंतागुंतीचे काम ते करतात, पण एका वेळी मोजकेच. ग्राफिक्स कार्डावरच्या चिपमध्ये साधेसुधे पण हजारो कोअर असतात. एनव्हिडियाच्याच आरटीएक्स ५०६० मध्ये त्यांची संख्या ३,८४० आहे. लग्नाच्या पंगतीत स्वयंपाक कसा करायचा हे मुख्य आचारी ठरवतो, पण पाचशे पानांवर एकाच वेळी वरणभात वाढायचा तर आचाऱ्याचे कौशल्य उपयोगाचे नसते, तिथे वाढपी लागतात. कार्डाची चिप म्हणजे ही वाढप्यांची फौज. वाढप्यांच्या हाताशी जे टेबल असते आणि ज्यावर सगळी पातेली आणून ठेवलेली असतात, ती कार्डावरची मेमरी, म्हणजे व्हीरॅम. त्या टेबलावरून पातेली किती झपाट्याने उचलता येतात हे मेमरीच्या वेगावर आणि तिच्या बसच्या, म्हणजे माहितीच्या वाटेच्या, रुंदीवर ठरते. कार्डाच्या माहितीपत्रकावर इतर पन्नास गोष्टी लिहिलेल्या असल्या तरी गेमचा वेग मुख्यतः वाढपी किती व कसे, टेबल केवढे आणि टेबलापर्यंतची वाट किती रुंद यावरच ठरतो.

मॉनिटरपासून उलटा प्रवास

बहुतेकजण आधी कार्ड निवडतात आणि उरलेल्या पैशांत मॉनिटर बसवतात. माझ्या मते पैसे वाया जाण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे, कारण कार्डाने काढलेली जी फ्रेम मॉनिटर दाखवूच शकत नाही, तिचे पैसे आपण मोजलेले असतात.

२,५६० बाय १,४४० ठिपक्यांच्या मॉनिटरवर फुल एचडीच्या पावणेदोनपटीहून थोडे अधिक ठिपके असतात आणि फोर-के मॉनिटरवर बरोबर चौपट. याचा अर्थ फुल एचडीवर लोण्यासारखे चालणारे कार्ड फोर-केवर धापा टाकू शकते आणि उलट, फोर-केसाठी घेतलेले महागडे कार्ड फुल एचडीवर निम्मा वेळ रिकामे बसू शकते. दुसरी बाब हर्ट्झची. भाच्याकडे चुलतभावाने दिलेला ७५ हर्ट्झचा फुल एचडी मॉनिटर होता. त्यावर सेकंदाला ७५ पेक्षा जास्त चित्रे दिसणे शक्य नाही. (अगदी अटीतटीच्या नेमबाजीच्या गेममध्ये जास्त फ्रेममुळे माउसचा प्रतिसाद किंचित लवकर मिळतो हे खरे, पण त्या किंचितसाठी वीस हजार जादा मोजावेत असे मला वाटत नाही.)

त्यानंतर कोणत्या गेम खेळायच्या याचा विचार. व्हॅलोरंट किंवा काउंटर-स्ट्राइक २ यांसारख्या स्पर्धेच्या गेम मुद्दाम हलक्या ठेवलेल्या असतात आणि त्यांत कार्डापेक्षा प्रोसेसरच आधी थकतो. सायबरपंक २०७७ सारख्या, मोठे शहर आणि रात्रीच्या दिव्यांची प्रतिबिंबे दाखवणाऱ्या गेम कार्डाचा घाम काढतात. पहिल्या प्रकारच्याच गेम खेळणाऱ्याने दुसऱ्या प्रकारच्या गेमच्या चाचण्या पाहून कार्ड घेणे म्हणजे रोज स्टेशनपर्यंत जाण्यासाठी ट्रक घेणे.

मेमरी किती असावी

सध्या सर्वांत जास्त वाद याच मुद्द्यावर होतात, आणि या वादात दोन्ही बाजूंकडे थोडे थोडे सत्य आहे.

प्रथम मेमरीत काय साठते ते पाहू. पडद्यावर दिसणारे फुल एचडी चित्र, ठिपक्यामागे ४ बाइट धरले तर, साधारण ८ एमबीचे असते. ते काही फार नाही. खरी जागा टेक्स्चर खातात, म्हणजे भिंतीची वीट, सदऱ्याचे कापड, चेहऱ्याची त्वचा यांची वस्तूंवर गुंडाळलेली चित्रे. ४,०९६ बाय ४,०९६ ठिपक्यांचे एकच टेक्स्चर मूळ रूपात ६४ एमबीचे होते आणि नेहमीच्या पद्धतीने दाबून बसवले तरी १६ एमबी जागा घेते. शिवाय एका विटेच्या भिंतीला एक टेक्स्चर पुरत नाही. रंगाचे वेगळे, खडबडीतपणाचे वेगळे, चकाकीचे वेगळे. समोर शंभर प्रकारच्या वस्तू असतील तर गणित कुठे जाते ते वाचकाने करून पाहावे.

टेबल भरले की पातेली मागच्या कोठीत ठेवावी लागतात, म्हणजे कॉम्प्युटरच्या साध्या रॅममध्ये, आणि प्रत्येक वेळी अरुंद बोळातून आणावी लागतात. आरटीएक्स ५०६० ची स्वतःची मेमरी सेकंदाला ४४८ जीबी माहिती पुरवते. हे कार्ड मदरबोर्डशी पीसीआय एक्सप्रेस नावाच्या जोडणीच्या फक्त ८ लेनने, म्हणजे ८ पदरांनी, जोडलेले असते आणि या जोडणीच्या चौथ्या पिढीच्या मदरबोर्डवर त्या बोळातून सेकंदाला सुमारे १६ जीबीच माहिती येऊ शकते. वेग एकदम अठ्ठावीसपटीने घसरतो. मदरबोर्ड तिसऱ्या पिढीचा असेल तर बोळ आणखी निम्मा होतो. गंमत अशी की एवढे होऊनही सरासरी एफपीएस (सेकंदाला येणाऱ्या फ्रेमचा आकडा) पुष्कळदा बरा दिसतो, कारण मधल्या फ्रेम नीट येतात. पण वळणावर गाडी वळवताना चित्र क्षणभर गोठते, किंवा काही गेममध्ये भिंतीवरचे टेक्स्चर चिखल फासल्यासारखे पुसट राहते. म्हणून चाचण्या वाचताना सरासरीच्या शेजारी दिलेला ‘१ टक्का लो’ हा आकडा जरूर पाहावा. सर्वांत संथ १ टक्का फ्रेमचा वेग त्यातून कळतो, आणि अडखळणे सरासरीत लपले तरी तिथे उघडे पडते.

आता दुसरी बाजू. जास्त मेमरी म्हणजे जास्त वेग, असे समीकरण नाही. २०२१ सालच्या आरटीएक्स ३०६० ला १२ जीबी मेमरी होती आणि तिच्याच पिढीतल्या ३०६० टीआयला ८ जीबी. तरी टीआय सरळ वेगवान होते, कारण त्यात ३,५८४ ऐवजी ४,८६४ कोअर होते आणि मेमरीची वाटही रुंद होती. टेबल मोठे केल्याने वाढपी भरभर चालत नाहीत, फक्त त्यांना कोठीच्या चकरा माराव्या लागत नाहीत. त्यामुळे तुलना एकाच चिपच्या दोन आवृत्त्यांत करावी. २०२५ मध्ये आलेले एएमडी कंपनीचे रेडिऑन आरएक्स ९०६० एक्सटी ८ जीबीसाठी २९९ डॉलर आणि १६ जीबीसाठी ३४९ डॉलर या जाहीर किमतींना आले. आरटीएक्स ५०६० टीआयच्या जोडीत ३७९ आणि ४२९ डॉलर. दोन्हीकडे फरक ५० डॉलरचा, चिप तीच. कथाप्रधान, मोठ्या गेम खेळायच्या असतील आणि कार्ड चार-पाच वर्षे वापरायचे असेल तर हे जादा पैसे द्यावेत असे माझे स्पष्ट मत आहे. सेटिंग कमी करता येते, रॅम नंतर वाढवता येते, प्रोसेसरही बदलता येतो. कार्डावरची मेमरी मात्र सोल्डर केलेली असते आणि जन्मभर तेवढीच राहते. केवळ स्पर्धेच्या गेम खेळणाऱ्याला ८ जीबी पुरते. त्याने हे पैसे चांगल्या मॉनिटरवर घालावेत. आणि ज्यांच्याकडे ८ जीबीचे कार्ड आधीच आहे त्यांनी घाबरून जाऊ नये: टेक्स्चरचे सेटिंग ‘अल्ट्रा’वरून ‘हाय’वर आणले की बहुतेक वेळा भार हलका होतो आणि चित्रातला फरक शोधावाच लागतो.

नावातली मेख

‘आरटीएक्स ५०६०’ या नावात पहिले दोन अंक पिढी सांगतात आणि शेवटचे दोन त्या पिढीतली पायरी. टीआय, सुपर, एक्सटी ही शेपटे त्याच पायरीवरचे थोडे वरचे कार्ड दाखवतात. इतपत सोपे आहे; अडचण अशी की एकाच नावाखाली वेगळी वस्तू विकण्याची या धंद्याला जुनी सवय आहे. जीटीएक्स १०६० हे ३ जीबी आणि ६ जीबी अशा दोन रूपांत मिळे आणि कोणालाही वाटावे की फरक फक्त मेमरीचा. प्रत्यक्षात ३ जीबीच्या कार्डात कोअरही १,२८० ऐवजी १,१५२ होते. आरटीएक्स ३०५० चे मूळ ८ जीबीचे कार्ड २०२२ मध्ये आले आणि त्याच नावाचे, पण कमी कोअरचे व अरुंद बसचे ६ जीबीचे कार्ड २०२४ मध्ये. २०२२ मध्ये तर आरटीएक्स ४०८० च्या नावाने जाहीर झालेले १२ जीबीचे कार्ड, चिप वेगळी असल्याची ओरड झाल्यावर, विक्रीला येण्याआधीच मागे घेतले गेले आणि पुढे जानेवारी २०२३ मध्ये ४०७० टीआय या नावाने आले.

नवी पिढी प्रत्येक बाबतीत पुढेच असते, हाही समज सोडून द्यावा. आरटीएक्स ४०६० हे ३०६० पेक्षा एकंदरीत वेगवान आहे आणि १७० ऐवजी ११५ वॉट वीज घेते, पण मेमरी १२ वरून ८ जीबीवर आणि बस १९२ वरून १२८ बिटवर आली. म्हणूनच नावाकडे पाहून नव्हे, चाचणीचे आकडे पाहून ठरवावे.

एका फ्रेमला किती रुपये

आकडे हाताशी आले की साधा भागाकार करावा. समजा, आपल्याला हव्या त्या गेममध्ये आणि सेटिंगवर पहिले कार्ड २८,००० रुपयांत ७० फ्रेम देते, दुसरे ३६,००० रुपयांत ९६ आणि तिसरे ६०,००० रुपयांत १४०. हे आकडे केवळ उदाहरणादाखल घेतलेले आहेत. एका फ्रेमची किंमत अनुक्रमे ४००, ३७५ आणि ४२९ रुपये पडते. म्हणजे मधले कार्ड सर्वांत फायद्याचे. आता हेच ७५ हर्ट्झच्या मॉनिटरवर लावा. दुसऱ्या आणि तिसऱ्या कार्डाच्या ७५ च्या पुढच्या फ्रेम दिसणारच नाहीत, तेव्हा भाव ४००, ४८० आणि तब्बल ८०० रुपये होतो. कार्डे तीच, किंमत तीच, पण मॉनिटर बदलताच क्रम बदलला.

पूर्ण कॉम्प्युटर नवा घ्यायचा असेल तर भागाकारात बाकीचा खर्चही धरायला हवा. उरलेल्या सामानाला ४५,००० रुपये लागणार असतील आणि मॉनिटर वेगवान असेल तर पहिल्या कार्डासह एका फ्रेमला १,०४३ रुपये पडतात आणि दुसऱ्यासह ८४४. जुन्या कॉम्प्युटरमध्ये फक्त कार्ड बदलणाऱ्याचा हिशेब आणि नवा कॉम्प्युटर घेणाऱ्याचा हिशेब वेगळा का येतो, ते यावरून लक्षात येईल. नव्याच्या बाबतीत कार्डावर थोडे जास्त खर्चणे बहुधा परवडते.

मात्र फ्रेम मोजताना त्या कोणत्या, हे विचारायला हवे. एनव्हिडियाचे डीएलएसएस, एएमडीचे एफएसआर आणि इंटेलचे एक्सईएसएस ही तंत्रे गेमचे चित्र कमी ठिपक्यांत तयार करून नंतर मोठे करतात. हे उपयुक्त आहे आणि मी स्वतः नेहमी वापरतो. १,४४० च्या मॉनिटरवर ‘क्वालिटी’ सेटिंग ठेवले तर मूळ चित्र सुमारे ९६० ओळींचे असते आणि ते मोठे केलेले ओळखूही येत नाही. फुल एचडीवर हेच मूळ चित्र ७२० ओळींचे होते आणि तारांच्या जाळ्या, झाडाची पाने तिथे थरथरू लागतात. फ्रेम जनरेशन ही गोष्ट वेगळी. त्यात दोन खऱ्या फ्रेमच्या मध्ये अंदाजाने काढलेल्या फ्रेम घुसवल्या जातात. चित्र गुळगुळीत दिसते, पण माउस हलवल्यावर मिळणारा प्रतिसाद मूळ फ्रेमइतकाच, किंबहुना किंचित उशिरा मिळतो. जानेवारी २०२५ मध्ये ५४९ डॉलरचे आरटीएक्स ५०७० हे मागच्या पिढीतल्या १,५९९ डॉलरच्या ४०९० च्या तोडीचे असल्याचे व्यासपीठावरून सांगितले गेले, ते अशा घुसवलेल्या फ्रेमच्या बळावर. ताटात वाढलेले आणि ताटाच्या फोटोतले यांत जेवढा फरक, तेवढाच इथेही आहे. चाचण्या पाहताना फ्रेम जनरेशन बंद ठेवून घेतलेले आकडेच तुलनेला घ्यावेत.

तीन कंपन्यांपैकी कोणती निवडावी यावर माझे म्हणणे थोडक्यात सांगतो. गेमसोबत ब्लेंडर हे थ्रीडी चित्रांचे सॉफ्टवेअर, व्हिडिओ एडिटिंग किंवा एआयचे प्रयोग करायचे असतील तर एनव्हिडिया सोयीचे, कारण त्या क्षेत्रातले सॉफ्टवेअर तिच्या कार्डांना धरून लिहिलेले असते. फक्त गेम खेळायच्या असतील तर एएमडीकडे बहुधा तेवढ्याच पैशांत जास्त मेमरी मिळते. डिसेंबर २०२४ मध्ये २४९ डॉलरला आलेले इंटेलचे आर्क बी५८० हे १२ जीबी मेमरीमुळे मोहात पाडते, पण त्यासाठी मदरबोर्डवर रिसाइझेबल बार ही, प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय चालू असावी लागते आणि जुन्या प्रोसेसरसोबत त्याचा वेग बराच पडतो. नव्या कॉम्प्युटरला ठीक, जुन्यात बसवायला नको.

आपल्या कॅबिनेटमध्ये काय बसेल

जुना कॉम्प्युटर असेल तर कार्ड बदलण्याआधी दहा मिनिटांची एक चाचणी करावी. गेममध्ये रिझोल्यूशन एकदम ७२० वर आणावे. फ्रेम भराभर वाढल्या तर कार्ड कमी पडत होते असे समजावे; तितक्याच राहिल्या तर अडचण प्रोसेसरची आहे आणि नव्या कार्डाने ती सुटणार नाही.

विजेचे गणित सोपे आहे. मदरबोर्डच्या स्लॉटमधून कार्डाला ७५ वॉट मिळतात, सहा पिनांच्या केबलमधून आणखी ७५ आणि आठ पिनांच्या केबलमधून १५०. आरटीएक्स ५०६० ला १४५ वॉट लागतात, ९०६० एक्सटीच्या १६ जीबी आवृत्तीला १६०. त्यांना चांगल्या कंपनीचा ५५० वॉटचा एसएमपीएस, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणारा डबा, पुरतो. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या एसएमपीएसवर मात्र ‘५०० वॉट’ छापलेले असले तरी त्यावर महागडे कार्ड सोपवू नये. आपल्याकडे यूपीएसचाही विचार करावा लागतो. घरोघरी असतो तो ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॉटच पेलतो. मॉनिटर धरून त्यावर १५० वॉटच्या कार्डाचा कॉम्प्युटर कसाबसा तगतो, २५० वॉटच्या ५०७० चा गेम चालू असताना वीज गेली तर यूपीएससह सगळेच बंद पडण्याची शक्यता जास्त. बिलाची चिंता मात्र फारशी नको: १५० वॉटचे कार्ड रोज चार तास पूर्ण भाराने चालवले तरी महिन्याला त्याचे १८ युनिट होतात.

एकच चिप दोन पंख्यांच्या आणि तीन पंख्यांच्या कार्डांत मिळते आणि किमतीत काही हजारांचा फरक असतो. वेगात फरक इतका किरकोळ असतो की तो डोळ्यांना दिसत नाही. नागपूर-चंद्रपूरकडे मे महिन्यात खोलीच तापलेली असते हे मान्य, तरी १५० वॉटच्या चिपला दोन पंखे आणि पुढून जाळी असलेले कॅबिनेट पुरते. तीन पंख्यांचे कार्ड घ्यायचेच असेल तर आधी टेप घेऊन कॅबिनेटची आतली लांबी मोजावी. मी एकदा ती मोजली नव्हती आणि हार्डडिस्कचा पिंजरा काढून टाकावा लागला होता.

भाव आणि जुनी कार्डे

डॉलरमधली जाहीर किंमत करविरहित असते. २९९ डॉलर, डॉलरला ८६ रुपये धरले, तर २५,७१४ रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी धरून ३०,३४३. वाहतूक, वितरक आणि दुकानदाराचा नफा धरून मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा ऑनलाइन याच्या थोडा वर भाव सांगितला तर तो वाजवी समजावा. पाच-सात हजार वर गेला तर थांबावे किंवा दुसरे कार्ड पाहावे. २०२५ च्या अखेरीपासून एआयच्या मागणीमुळे मेमरीच्या चिपा महागल्याने हे गणित बिघडले आहे आणि त्याचा फटका जास्त मेमरीच्या कार्डांना आधी बसतो, हेही ध्यानात ठेवावे.

जुने कार्ड हा वाईट पर्याय नाही, पण डोळे उघडे ठेवून घ्यावे. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाचे कार्डांवर चालणारे मायनिंग, म्हणजे हिशेब करून चलन कमावणे, बंद झाले आणि रात्रंदिवस राबलेली असंख्य कार्डे बाजारात आली. अशा कार्डाची चिप बहुधा ठणठणीत असते. पंखे आणि चिपची उष्णता बाहेर नेणारी थर्मल पेस्ट संपलेली असते. घेण्याआधी अर्धा तास जड गेम चालवून तापमान पाहावे, पडद्यावर रंगीत ठिपके किंवा पट्ट्या उमटतात का ते पाहावे, कार्डावरचा सिरियल नंबर बिलाशी जुळवावा आणि जीपीयू-झेड हा फुकट मिळणारा प्रोग्रॅम चालवावा, कारण जुन्या चिपवर नव्या कार्डाचे नाव चढवून विकलेली बनावट एनव्हिडिया कार्डे तो पुष्कळदा पकडतो. फार जुन्या पिढीकडे मात्र वळू नये. जीटीएक्स १०८० टीआय हे २०१७ सालचे कार्ड ११ जीबी मेमरीचे आणि अजूनही दणकट आहे, पण त्याच्या पिढीला नव्या गेमसाठीचे नियमित ड्रायव्हर (कार्ड चालवणारे सॉफ्टवेअर) ऑक्टोबर २०२५ पासून मिळत नाहीत, आणि मे २०२५ मध्ये आलेली डूम: द डार्क एजेस ही गेम रे ट्रेसिंगचे, म्हणजे प्रकाशकिरणांचा हिशेब करणारे, हार्डवेअर नसलेल्या कार्डावर चालत नाही.

भाच्याच्या कोटेशनमधून आम्ही पाण्यावर चालणारा कूलर आणि रंगीत पंखे काढून टाकले, प्रोसेसर एक पायरी खाली आणला, आणि वाचलेल्या पैशांत १६ जीबीचे ९०६० एक्सटी व १,४४० चा १४४ हर्ट्झचा मॉनिटर बसवला. बिलावर मॉडेलचे पूर्ण नाव आणि सिरियल नंबर लिहून घेतला. कॉम्प्युटर घरी आला त्या रात्री साडेदहाला फोन आला की गेम अडखळत चालते आहे, एवढा खर्च पाण्यात गेला. मी त्याला कॅबिनेटच्या मागच्या बाजूचा फोटो पाठवायला सांगितला. मॉनिटरची केबल त्याने वरच्या बाजूला, मदरबोर्डच्या पोर्टला लावली होती. प्रोसेसरमधल्या चिमुकल्या ग्राफिक्सवर गेम चालू होती आणि नवे कोरे कार्ड खाली स्वस्थ बसले होते. केबल कार्डाच्या पोर्टला लावून झाल्यावर विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये ६० हर्ट्झच्या जागी १४४ निवडायलाही त्याला सांगावे लागले.